सल्लागाराच्या हिशेबासाठी सॉफ्टवेअर निवडताना आधी आपल्या बिलाचा प्रवास बघा

सल्लागाराच्या व्यवसायात गोदाम नसतं, माल नसतो, वजनकाटा नसतो. विकायला असतो तो वेळ आणि अनुभव. हिशेबाची बरीचशी सॉफ्टवेअर मात्र मालाची खरेदी-विक्री डोळ्यांसमोर ठेवून घडलेली आहेत. त्यामुळे ‘सगळ्यात चांगलं कोणतं?’ असं विचारलं की जे तुलनेचे तक्ते समोर येतात, त्यांत साठा, बारकोड, खरेदी ऑर्डर या रकान्यांपुढे बरोबरच्या खुणा असतात. ज्या दोन-चार गोष्टींवर सल्लागाराचं वर्ष तरतं किंवा अडतं, त्यांचा रकाना बहुतेक वेळा नसतोच.

म्हणून सॉफ्टवेअरची यादी उघडण्याआधी आपल्या एका बिलाचा प्रवास कागदावर काढा. काम कधी केलं, त्याची नोंद कुठे झाली, बिल कधी गेलं, पैसे कधी आले, किती आले, मधे काय कापलं गेलं आणि वर्षाच्या शेवटी हे सगळं हिशेबनिसाच्या हातात कसं पडलं. हा प्रवास मधे कुठेही न तुटता जे सॉफ्टवेअर पार पाडतं, ते तुमच्या कामाचं. बाकीच्या सोयी असल्या तर बऱ्या, नसल्या तरी अडत नाही.

पैसे येतात कसे

सल्ल्याचे पैसे साधारण चार वाटांनी येतात. तासाच्या दराने, कामाच्या ठरलेल्या रकमेवर, टप्प्याटप्प्याने किंवा रिटेनरवर, म्हणजे दरमहा बांधलेल्या ठरावीक फीवर. बहुतेकांकडे यातल्या दोन-तीन वाटा एकत्र असतात.

तासाच्या दराने काम करणाऱ्याला टाइमशीट, म्हणजे कामाच्या तासांची नोंद, लागते आणि तिच्यातल्या नोंदी सरळ बिलात उतरायला लागतात. ठरलेल्या रकमेच्या कामात बिल सोपं असतं, पण त्या कामात आपले किती तास गेले हे कळलं नाही तर पुढच्या वेळी भाव सांगताना अंदाजच हाताशी उरतो. टप्प्यांच्या कामात एकाच कराराची चार-पाच बिलं जातात. त्यातलं किती बिल झालं आणि किती बाकी आहे हे एका नजरेत दिसायला हवं.

खरी परीक्षा रिटेनरची आणि आगाऊ रकमेची. समजा, एका ग्राहकाने पुढच्या बारा महिन्यांच्या सल्ल्याचे 1,20,000 एकदम भरले. बँकेत पैसे आले, पण कमाई अजून झालेली नाही. त्या दिवशी ही सगळी रक्कम हिशेबाच्या भाषेत देणं आहे, कारण तुम्ही त्या ग्राहकाला बारा महिन्यांची सेवा देणं लागता. दर महिना संपला की 10,000 देण्यातून निघून उत्पन्नात जातात. चौथ्या महिन्याअखेर करार मोडला आणि उरलेले पैसे परत करायची अट असेल, तर 80,000 परत जातात. हिशेबात तेवढंच देणं उभं असतं, त्यामुळे कुठे ओढाताण होत नाही.

आता हीच रक्कम पहिल्याच दिवशी ‘उत्पन्न’ म्हणून नोंदली तर? पहिला महिना भरघोस दिसतो आणि पुढचे अकरा महिने त्या ग्राहकाचं काम जणू फुकट चाललं आहे असं दिसतं. या आकड्यांवरून कुणी माणूस नेमायचं ठरवलं, तर निर्णय चुकणारच. सेवा दिली तेव्हा उत्पन्न धरायचं, हे तत्त्व मोठ्या कंपन्यांसाठी आयएफआरएस 15 या आंतरराष्ट्रीय मानकात सविस्तर मांडलेलं आहे आणि ते 1 जानेवारी 2018 पासून लागू आहे. छोट्या व्यवसायाने ते मानक पानोपानी वाचायची गरज नाही, विचार तेवढा उचलावा.

निवडताना बघायचं ते हे: बिल न बनवता आगाऊ रक्कम ग्राहकाच्या नावावर ठेवता येते का? नंतरच्या बिलात ती वळती करता येते का? दर महिन्याला ठरावीक रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेणारी नोंद आपोआप पडेल असं लावून ठेवता येतं का? महागड्या पॅकेजमध्ये यासाठी स्वतंत्र सोय असते. पण तीन-चार रिटेनर असतील तर दरमहा आपोआप पडणारी एक साधी जर्नल नोंद पुरते. तेवढ्यासाठी वरचं पॅकेज घेऊ नका.

रोकड की उपार्जित

हिशेब ठेवायच्या दोन पद्धती आहेत. रोकड पद्धतीत पैसे हातात आले की उत्पन्न, हातातून गेले की खर्च. उपार्जित पद्धतीत कमाई झाली तेव्हा उत्पन्न आणि देणं अंगावर आलं तेव्हा खर्च, पैसे पुढेमागे कधीही फिरोत.

सल्लागारांच्या बाबतीत या दोन पद्धतींतला फरक मोठा दिसतो. मार्चमध्ये काम, एप्रिलमध्ये बिल, जूनमध्ये पैसे, हा अगदी नेहमीचा क्रम. रोकड पद्धतीने बघितलं तर मार्च कोरडा आणि जून ओला. उपार्जित पद्धतीने मार्चमध्ये नेमकं काय कमावलं ते कळतं, पण ते पैसे अजून आलेले नाहीत हे विसरायला होतं. म्हणून मला दोन्ही चित्रं हवीत: धंदा कसा चालला आहे हे समजायला उपार्जित, पुढच्या महिन्याचं भागेल का हे समजायला रोकड. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच नोंदींवरून अहवाल दोन्ही पद्धतींनी काढता येतो, एक कळ फिरवली की झालं. ही सोय आहे की नाही ते विकत घेण्याआधी स्वतः चालवून बघा. करासाठी कोणती पद्धत चालेल, हे व्यवसाय जिथे नोंदलेला आहे तिथल्या नियमांवर ठरतं आणि ते हिशेबनिसाला विचारूनच पक्कं करायचं.

इथेच आणखी एक गोष्ट तपासावी. ते सॉफ्टवेअर दुहेरी नोंदीचं आहे का? प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्या खात्यात जमा, अशी ही पद्धत. लुका पाचोली या गणितज्ञाने ती 1494 साली व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध केली. व्यापारी ती त्याच्याही आधीपासून वापरत होते. पाचशे वर्षं ती टिकली, कारण एका बाजूची नोंद चुकली की दोन बाजू जुळत नाहीत आणि चूक उघडी पडते. काही सोपी, देखणी अॅप्स फक्त बिलं बनवतात आणि खर्चाची यादी ठेवतात. बिलं पाठवायला ती उत्तम. पण त्यातून तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आणि ताळेबंद निघत नसेल, तर वर्षाच्या शेवटी कीर्द-खतावणी कुणाला तरी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते आणि त्या माणसाचे तास तुमच्याच बिलावर लागतात.

बिल एक लाखाचं, बँकेत आले नव्वद हजार

सल्लागाराच्या हिशेबातली सगळ्यात जास्त गडबड माझ्या मते इथे होते, म्हणून जरा थांबून बघू.

बऱ्याच देशांत सेवेचे पैसे देताना ग्राहकाने काही कर कापून सरकारकडे भरायचा असतो. तुम्ही 1,00,000 चं बिल पाठवलं, ग्राहकाने 10,000 कर म्हणून कापले आणि 90,000 तुमच्या बँकेत आले. घाईत होतं काय, की फक्त 90,000 मिळाल्याची नोंद होते, बिलावर 10,000 थकबाकी दिसत राहते आणि सॉफ्टवेअर त्या बिचाऱ्या ग्राहकाला दर आठवड्याला आठवणीची ईमेल पाठवत राहतं. वर्षाच्या शेवटी रोकड पद्धतीच्या अहवालात उत्पन्न कमी दाखवलं जातं, आणि कापलेला कर आपल्या नावावर जमा आहे, तो आपल्या देय करातून वळता करायचा आहे, याची नोंद कुठेच सापडत नाही.

बरोबर नोंद अशी: उत्पन्न पूर्ण 1,00,000. बँकेत 90,000. उरलेले 10,000 ‘येणे कर’ अशा मालमत्ता खात्यात. बिल शून्यावर बंद. हे सगळं पैसे आल्याची नोंद करतानाच, एकाच खिडकीत व्हायला हवं. त्यासाठी वेगळी जर्नल नोंद करावी लागत असेल तर दहा बिलांनंतर माणूस कंटाळतो आणि अकराव्याला चुकतो.

परदेशी ग्राहक असेल तर आणखी दोन पदर लागतात. समजा, 2,000 डॉलरचं बिल पाठवलं त्या दिवशी एका डॉलरला आपल्या चलनातले 80 मिळत होते. म्हणजे बिल 1,60,000 चं. महिन्याने पैसे आले तेव्हा दर 82 होता आणि मधल्या बँकेने 30 डॉलर शुल्क कापलं होतं. खात्यात जमा झाले 1,970 डॉलरचे 1,61,540. आता याचा उलगडा करा. 30 डॉलरचं शुल्क म्हणजे 2,460 खर्च. दर चढल्यामुळे 2,000 डॉलरवर 2 प्रमाणे 4,000 चा विनिमय नफा. 1,61,540 आणि 2,460 मिळून 1,64,000 होतात आणि 1,60,000 अधिक 4,000 म्हणजेही 1,64,000. दोन्ही बाजू जुळल्या. चांगलं सॉफ्टवेअर फक्त तीन गोष्टी विचारतं: किती आले, दर काय, शुल्क किती. नफ्याची नोंद ते स्वतः करतं. अनेक चलनांची सोय बऱ्याचदा वरच्या पॅकेजमध्ये असते, त्यामुळे वर्षात दोन-चारच परदेशी बिलं असतील तर आधी हिशेब मांडून बघा. पण निम्मं उत्पन्न बाहेरून येत असेल, तर ही सोय नसलेलं सॉफ्टवेअर यादीतून सरळ काढून टाका.

बँकेशी ताळमेळ

बँक फीड म्हणजे बँकेतले व्यवहार आपोआप सॉफ्टवेअरमध्ये येण्याची सोय. जाहिरातीत हिचं कौतुक फार असतं आणि ते बरंचसं रास्त आहे. पण हिच्याचमुळे होणारी एक चूक इतकी सर्रास दिसते की ती नीट समजून घ्या.

बिल बनवलं तेव्हा उपार्जित पद्धतीत उत्पन्न नोंदलं गेलं. मग पैसे बँकेत आले आणि फीडमध्ये एक ओळ उमटली. सॉफ्टवेअर विचारतं, हे काय आहे? वापरणारा मनापासून ‘सल्ल्याचं उत्पन्न’ हे खातं निवडतो. झालं! तेच उत्पन्न दुसऱ्यांदा नोंदलं गेलं आणि मूळ बिल तसंच उघडं राहिलं. नफा फुगला, येणीही फुगली. अशा वेळी करायचं काय, तर फीडमधली ओळ त्या बिलाशी जुळवायची, नवीन उत्पन्न म्हणून टाकायची नाही. हा फरक पडद्यावर किती ठळकपणे दाखवला आहे, जुळणारं बिल सॉफ्टवेअर स्वतः सुचवतं का, दोन बिलांचे पैसे एकाच रकमेत आले तर ती वाटून लावता येते का, यावरून मी त्या सॉफ्टवेअरची लायकी ठरवीन.

फीड तुटतंही. बँक आपली प्रणाली बदलते, परवानगीची मुदत संपते. युरोपीय संघात तर खात्याची माहिती बघू देण्यासाठी ग्राहकाला दर 180 दिवसांनी पुन्हा ओळख पटवावी लागते. म्हणून फीड असलं तरी बँकेचं स्टेटमेंट फाइलमधून आत घेता येतं का हे बघाच. तुमची बँक कोणत्या स्वरूपात फाइल देते आणि सॉफ्टवेअर कोणतं वाचतं, हे एकदा प्रत्यक्ष करून बघितलं की शंका राहत नाही.

फीडमधल्या सगळ्या ओळींना खाती लावून झाली म्हणजे ताळमेळ झाला असं नाही. महिन्याच्या शेवटच्या तारखेला बँकेच्या स्टेटमेंटवरची शिल्लक आणि पुस्तकातली शिल्लक शेवटच्या पैशापर्यंत जुळली, किंवा फरक कशाचा ते नावानिशी सांगता आलं, तर तो ताळमेळ. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळा पडदा आणि छापता येणारा अहवाल असायला हवा.

वेळेचा हिशेब

टाइमशीट हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येच हवी की वेगळी? एकट्याने किंवा दोघा-तिघांनी चालवलेल्या व्यवसायात आतलीच पुरते. माणसं वाढली आणि एकाच वेळी बरेच प्रकल्प चालू असले की टॉगल, क्लॉकिफाय किंवा हार्वेस्टसारखं वेगळं साधन सोयीचं पडतं, कारण त्यात नोंद पटकन होते आणि नोंद पटकन झाली तरच माणसं ती करतात. मात्र वेगळं घेतलं तर तिथले तास बिलात कसे येतात ते आधी बघा. जोडणी आहे असं नुसतं म्हणणं पुरेसं नाही. प्रकल्पाचं नाव, दर आणि कामाचं वर्णन तिन्ही बिलावर येतात का? एकदा बिलात गेलेले तास ‘बिल झालं’ असे खुणावले जातात का? नाहीतर तेच तास दुसऱ्या बिलात जातील आणि ग्राहकाच्या विश्वासाला तडा जाईल.

तासांच्या नोंदीचा उपयोग बिलापुरता नाही. एका महिन्यात 160 तास काम झालं, त्यातले 100 तास ग्राहकांच्या कामाचे होते आणि त्यातल्या 90 तासांचंच बिल गेलं, असं समजा. पहिला आकडा सांगतो की बिलायोग्य काम साडेबासष्ट टक्के आहे. दुसरा सांगतो की केलेल्या बिलायोग्य कामातलंही दहा टक्के गळलं. ती गळती कुठल्या ग्राहकाकडे होते हे कळलं तर पुढचा करार वेगळा लिहिता येतो. म्हणून ग्राहकवार आणि प्रकल्पवार नफा-तोटा काढता येणं ही माझ्या दृष्टीने चैन नाही. साठा-व्यवस्थापनाच्या शंभर सोयींवर ही एक भारी आहे.

कराचे नियम आणि बिलाचं स्वरूप

यावर फार लिहीत नाही, कारण नियम देशागणिक वेगळे आहेत. पण दिशा सगळीकडे एकच दिसते: सरकारला आता हिशेब कागदावर नको, थेट सॉफ्टवेअरमधून हवा. इटलीने 2019 पासून व्यवसायांमधली बिलं सरकारी यंत्रणेतून पाठवणं बंधनकारक केलं. ब्रिटनने त्याच वर्षी व्हॅटच्या नोंदी डिजिटल ठेवणं आणि विवरण सॉफ्टवेअरमधून पाठवणं बंधनकारक करायला सुरुवात केली. भारतात 2020 मध्ये मोठ्या उलाढालीच्या व्यवसायांपासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी यंत्रणेत नोंदवायचं बिल, सुरू झालं आणि नंतर मर्यादा खाली येत गेली.

त्यामुळे सॉफ्टवेअर कितीही आवडलं तरी ते तुमच्या देशातल्या करयंत्रणेशी बोलतं का, हा पहिला गाळणीचा प्रश्न ठेवा. ‘कर’ या रकान्यात टक्केवारी टाकता येणं म्हणजे कराची सोय असणं नव्हे. विवरणात जे आकडे भरायचे ते अहवालातून त्याच मांडणीत निघाले पाहिजेत.

नावं आणि त्यांचे स्वभाव

प्रत्येक सॉफ्टवेअर कुठल्या गरजेतून जन्मलं हे कळलं की त्याचा स्वभाव कळतो. टॅली 1986 पासूनचं, व्यापाऱ्यांच्या वहीतून वाढलेलं. हिशेबनिसाचे हात कीबोर्डवर भराभर चालावेत अशी त्याची रचना, आणि ते मुख्यतः आपल्या संगणकावर चालतं. क्विकबुक्स 1992 मध्ये आलं ते हिशेब न शिकलेल्या छोट्या व्यावसायिकासाठी. झीरो ही 2006 मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली कंपनी; तिचं सॉफ्टवेअर पहिल्यापासून ब्राउझरमध्ये चालणारं आणि बँक ताळमेळाला मध्यभागी ठेवणारं. टोरांटोचं फ्रेशबुक्स बिल पाठवण्याच्या गरजेतून निघालं. सेवा देणाऱ्या छोट्या व्यवसायांचं दुखणं त्याला चांगलं कळतं, पण दुहेरी नोंद त्यात पुढे आली. झोहो बुक्स 2011 मधलं. त्याच घरातली इतर साधनं वापरणाऱ्यांना ते पटकन बसतं.

मुक्त स्रोताच्या, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या, वाटेने जायचं तर ग्नूकॅश आहे, 1998 पासून चालत आलेलं, फुकट आणि शिस्तीने दुहेरी नोंदीचं. ते आपल्याच संगणकावर चालतं, म्हणून बॅकअपची जबाबदारी आपली. ईआरपीनेक्स्ट आणि ओडू ही त्याहून मोठी प्रकरणं आहेत. प्रकल्प, माणसं, हिशेब सगळं एकत्र हवं असेल आणि ते सांभाळणारा तांत्रिक माणूस हाताशी असेल तरच त्या वाटेला जावं. एकट्या सल्लागाराला ती पेलत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

नावांपेक्षा एक प्रश्न जास्त मोलाचा: तुमचा हिशेबनीस रोज कशावर काम करतो? त्याच्या हाताला जे सवयीचं आहे त्यात चूक लवकर सापडते आणि त्याची फीही आटोक्यात राहते. तो म्हणेल तेच घ्या असं नाही, कारण रोज बिलं बनवणारे तुम्ही आहात. पण त्याला न विचारता घेऊ नका.

कोण काय बघू शकतं, कोण काय बदलू शकतं

हिशेबनिसाला स्वतःचं लॉगिन द्यायला हवं, तुमचा पासवर्ड नव्हे. सहकाऱ्याला तास भरता यावेत, पण इतरांचे पगार दिसू नयेत. महिना बंद केला की त्यातल्या नोंदी कुलपात जायला हव्यात, नाहीतर विवरण भरून झाल्यावर कुणीतरी सहज एक जुनं बिल दुरुस्त करतं आणि भरलेले आकडे पुस्तकाशी जुळेनासे होतात. कोणती नोंद कुणी, कधी, काय बदलली याचा माग पुसता न येणारा असावा. भारतात कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून असा माग ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. कायदा नसता तरी मी हा आग्रह धरला असता.

बाहेर पडायची वाट

घेतानाच सोडायचा विचार करावा लागतो. बेंच ही हिशेब ठेवून देणारी कॅनडातली कंपनी 27 डिसेंबर 2024 रोजी एकाएकी बंद झाली. ग्राहकांचे हिशेब तिच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि वर्ष संपायला चार दिवस होते. काही दिवसांतच दुसऱ्या कंपनीने तिला विकत घेतलं, पण मधल्या काळात लोकांना आपलीच पुस्तकं हाती येतील की नाही याची खात्री नव्हती. क्विकबुक्सनेही 2023 मध्ये भारतातली सेवा गुंडाळली. मोठं नाव म्हणजे कायमची हमी नव्हे.

म्हणून चाचणीच्या काळातच सगळा डेटा बाहेर काढून बघा. नफा-तोट्याचं पीडीएफ निघणं म्हणजे डेटा निघणं नाही. सर्व खात्यांची पूर्ण खतावणी, ग्राहकांची यादी, प्रत्येक बिल आणि त्यावर आलेले पैसे, आणि बिलांना जोडलेल्या पावत्यांच्या प्रती, हे सगळं दुसरीकडे उघडता येईल अशा स्वरूपात निघतं का? पावत्यांच्या प्रती हमखास राहून जातात. वर्गणी थांबवल्यावर जुना हिशेब नुसता वाचायला किती दिवस उघडा राहतो, हेही लेखी विचारा. कर खात्याला अनेक वर्षांपूर्वीची कागदपत्रं मागता येतात.

किमतीबद्दल एवढंच: महिन्याच्या वर्गणीबरोबर वापरणाऱ्यांची संख्या, बिलांची मर्यादा, जास्तीची चलनं, ऑनलाइन पैसे घेण्याचं शुल्क आणि दुसऱ्या वर्षाचा दर हे सगळं धरून तीन वर्षांची बेरीज करा. पहिल्या काही महिन्यांची सवलत बघून केलेली निवड महागात पडते.

ग्राहक तीन-चार असतील, बँक खातं एक असेल, परदेशी चलन नसेल आणि कराचं विवरण साधं असेल, तर एक्सेलची नीट बांधलेली फाइल पुरते, हे मी ठामपणे सांगतो. महिन्याला बिलं वाढली, आगाऊ रकमा येऊ लागल्या, कुणाचं किती येणं आहे हे सांगायला दहा मिनिटं लागू लागली, की मग वेळ झाली.

चाचणी स्वतःच्या व्यवहारांवर

सॉफ्टवेअरबरोबर येणारा नमुन्याचा डेटा गुळगुळीत असतो, त्यात अडचण कधी येतच नाही. आपला एखादा अडचणीचा महिना निवडा आणि तो पूर्ण भरा. त्यात अर्धेच पैसे आलेलं बिल असू द्या. कर कापून आलेलं बिल, चुकीचं गेलं म्हणून क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) द्यावी लागलेलं बिल असू द्या. ग्राहकासाठी तुम्ही काढलेलं आणि नंतर त्याच्याकडून वसूल केलेलं प्रवासाचं तिकीटही असू द्या, कारण ती वसुली स्वतःचं उत्पन्न धरायची की नाही हे कराराच्या शब्दांवर आणि कराच्या नियमांवर ठरतं आणि सॉफ्टवेअरला दोन्ही प्रकार जमले पाहिजेत. स्वतःच्या खिशातून धंद्यासाठी केलेला खर्च आणि धंद्याच्या खात्यातून घरासाठी उचललेली रक्कम हेही घाला. मग त्या महिन्याचा ताळमेळ करा आणि निघालेले अहवाल हिशेबनिसाला पाठवा. त्याचा फोन किती प्रश्न घेऊन येतो त्यावरून निम्मा निर्णय होतो.

निवड झाली की नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करणं सगळ्यात सोपं. मधेच बदलायचं तर निदान कराच्या विवरणाचा कालावधी जिथे संपतो तिथून करा. सुरुवातीच्या शिलका टाकताना येणी एका मोठ्या आकड्यात टाकू नका. प्रत्येक उघडं बिल त्याच्या मूळ तारखेने आणि मूळ क्रमांकाने वेगळं घाला, म्हणजे पैसे आले की ते कशाशी जुळवायचं हा प्रश्न पडत नाही आणि थकबाकी किती दिवसांची आहे तेही खरं दिसतं. आगाऊ आलेल्या रकमाही ग्राहकवार घाला.

जुनी प्रणाली बंद करण्याआधी एकाच तारखेची तेरीज दोन्हीकडून काढा आणि शेजारी ठेवून खातं न् खातं ताडून बघा. मग उघड्या बिलांच्या यादीची बेरीज येणी खात्याच्या शिलकेशी लावा आणि बँक खात्याची शिलक त्या दिवशीच्या स्टेटमेंटशी. फरक निघाला तर नवीन बिल पाठवायच्या आधी तो शोधा, कारण आज तो मूठभर नोंदींत लपलेला असतो आणि सहा महिन्यांनी शेकड्यांत.